जोडाक्षरांचे वाचन : विनोबांच्या गद्यातील शिक्षणविचार आणि अध्यात्मशोध

विनोबा भावे यांच्या लेखनाची वाटणी मराठी समीक्षेने फार लवकर करून टाकली. ‘गीताई’ आणि ‘गीता प्रवचने’ अध्यात्माच्या खात्यात गेली, ‘शिक्षण-विचार’ अध्यापक विद्यालयांच्या वाचनयादीत गेला, ‘मधुकर’मधले निवडक निबंध क्रमिक पुस्तकांत गेले आणि भूदानकाळातली भाषणे सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या कपाटात राहिली. या वाटणीत वाङ्मयसमीक्षेच्या वाट्याला जे उरले ते म्हणजे ‘सूत्रमय शैली’ हा एक शेरा. तो खोटा नाही. पण त्यामुळे एक मूलभूत प्रश्न झाकला गेला. विनोबांचा अध्यात्मशोध आणि त्यांचा शिक्षणविचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय? की एकाच प्रश्नाची ती दोन रूपे आहेत आणि त्यांच्या गद्याचा घाट त्या प्रश्नातूनच घडला आहे? दुसरी शक्यता खरी मानली तर विनोबांचे वाङ्मय वेगळ्या रीतीने वाचावे लागते आणि काही गैरसोयीचे प्रश्नही त्याला विचारावे लागतात.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या गावी झाला. १९८१ पासून हा जिल्हा रायगड या नावाने ओळखला जातो. पेणची खाडी आणि मिठागरे एका अंगाला व सह्याद्रीच्या फांद्या दुसऱ्या अंगाला, अशा पट्ट्यातले हे डोंगरपायथ्याचे गाव. बालपणाची पहिली वर्षे तेथे गेली आणि मग कुटुंब वडिलांच्या नोकरीपायी बडोद्यास गेले. विनोबांनी रीतसर आत्मचरित्र लिहिले नाही. मात्र भाषणांतून आणि संभाषणांतून सांगितलेल्या ज्या आठवणी पुढे संकलित झाल्या, त्यांत गागोदे पुन्हा पुन्हा येते. या आठवणींचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. कोकणातल्या बालपणाचे वर्णन म्हणून मराठी वाचकाला जे अपेक्षित असते, म्हणजे पाऊस, माड, भुताखेतांच्या गोष्टी, सणावारांची लगबग, त्यातले जवळजवळ काहीच येथे नाही. येथे आहेत ते आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई, आणि त्यांच्या दोन-चार कृती.

आजोबा चांद्रायण व्रत करीत. चंद्राच्या कलेबरोबर घास वाढत जायचे आणि कलेबरोबरच उतरायचे. रात्री चंद्रोदयानंतर पूजा व्हायची आणि झोपेतल्या नातवाला उठवून प्रसाद दिला जायचा. पूजेच्या वेळी मूर्तीवर विंचू आढळला तेव्हा मारायला धावलेल्यांना आजोबांनी थांबवले, कारण तो देवाच्या आश्रयाला आला होता. गणेशचतुर्थीचा गणपती घरीच, हाताने घडवायचा, त्याची पूजा करायची आणि ठरल्या दिवशी पाण्यात सोडायचा. लहान मुलाला हे शेवटचे पटत नसे. ज्याला घडवले त्याला बुडवायचे कशासाठी, हा त्याचा प्रश्न असे. आईची आठवण फणसाची आहे: झाडाचा पहिला फणस आधी शेजारच्या घरांतून वाटायचा, मग घरात खायचा.

या आठवणींत एकही उपदेश नाही. कोणी कोणाला काही समजावून सांगत नाही, आणि सांगितलेच तर ते एका वाक्यापुरते. मूल पाहते, त्याला प्रश्न पडतो आणि उत्तर पुष्कळ वर्षांनी त्याचे त्यालाच सापडते. घडवणे, पूजणे आणि सोडून देणे या तीन क्रिया मिळून भक्ती होते, हा गणपतीच्या आठवणीचा अर्थ प्रौढ विनोबांनी लावला आहे. गागोद्यात तो कोणी शिकवला नव्हता. आठवणींची ही निवड निरागस नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. शिक्षणाविषयी एक ठाम भूमिका घेतलेल्या माणसाने बालपणाकडे मागे वळून पाहताना केलेली ती निवड आहे. गागोद्याने विनोबांना घडवले हे जितके खरे, तितकेच विनोबांच्या शिक्षणविचाराने हे गागोदे घडवले, हेही खरे आहे.

ती भूमिका ‘मधुकर’मधील ‘जीवन आणि शिक्षण’ या निबंधात स्वच्छ आली आहे. आयुष्याचा एक तुकडा निव्वळ शिकण्याचा आणि उरलेला निव्वळ जगण्याचा, अशी फाळणी करून तरुणाला एका काठावरून दुसऱ्या काठावर एकाच उडीत पोचायला सांगणे हा आधुनिक शाळेचा मूळ दोष, असे विनोबा मांडतात. त्यासाठी ते जो दाखला देतात तो त्यांच्या पुढच्या साऱ्या वाङ्मयाची किल्ली आहे. कृष्णाने अर्जुनाला आधी गीतेचा वर्ग घेऊन, परीक्षा उत्तीर्ण करवून मग रणांगणावर पाठवले नाही. प्रश्न जेथे उभा राहिला तेथेच, दोन सैन्यांच्या मधोमध, शिक्षण झाले. या दाखल्यात विनोदाची बारीक छटा आहे आणि ती महत्त्वाची आहे. पण त्याहून महत्त्वाचे असे की, येथे गीता हा धर्मग्रंथ आधी आणि शिक्षणाचे उदाहरण नंतर, असा क्रम नाही. गीता मुळातच शिक्षणाचा प्रसंग म्हणून वाचली गेली आहे. अध्यात्मग्रंथाचे असे वाचन करणारा लेखक पुढे त्याच ग्रंथावर बोलू लागतो, तेव्हा तो निरूपणकाराच्या आसनावर बसू शकत नाही. आपल्याच सिद्धान्ताने त्याला ते आसन नाकारलेले असते.

विनोबांचा आवडता भाषिक युक्तिवाद येथे जोडून पाहावा लागतो. इंग्रजीत शिकणे आणि शिकवणे यांसाठी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. भारतीय भाषांत ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’चे प्रयोजक रूप आहे, म्हणजे शिकणे ही एकच स्वतंत्र क्रिया आणि शिकवणारा तिचा केवळ निमित्तकर्ता, असे ते म्हणत. विनोबांच्या व्युत्पत्ती पुष्कळदा लडिवाळ असतात आणि भाषाशास्त्राच्या कसोटीला त्या नेहमी उतरतात असे नाही. येथे मात्र संस्कृत व्याकरण त्यांच्या बाजूने आहे, कारण ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचे इच्छादर्शक रूप: शक्त होण्याची, करू शकण्याची इच्छा. एवढ्यावरून शिक्षणशास्त्र उभे राहते काय, हा वेगळा वाद आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने प्रश्न असा की, शिकवता येत नाही असे मानणाऱ्या लेखकाने बोधपर गद्य लिहायचे कसे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘गीताई’ हे आहे. तिची जन्मकथा सर्वश्रुत आहे. आईला गीता समजून घ्यायची होती, मुलाने वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली, ती तिला अवघड वाटली आणि तिने म्हटले की, तूच का करीत नाहीस. ही कथा मातृभक्तीची म्हणून सांगितली जाते. शिक्षणाची कथा म्हणून ती वाचली की तिचे दुसरे अंग दिसते. फारसे शालेय शिक्षण न झालेली एक बाई कॉलेजात जाणाऱ्या मुलाला स्वाध्याय देते आहे. शिकणारी तीच आहे. पण शिकता यावे म्हणून ती आपला शिक्षक स्वतः तयार करते. आईचे निधन १९१८ साली झाले. ‘गीताई’ची रचना वर्ध्याला ७ ऑक्टोबर १९३० रोजी सुरू झाली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी संपली, १९३२ साली ती प्रकाशित झाली. म्हणजे जिच्यासाठी ती रचायची होती ती विद्यार्थिनी बारा वर्षांपूर्वीच गेलेली होती, आणि उरली होती ती नावात. गीता आणि आई या दोन शब्दांचा असा संधी मराठीतच होऊ शकतो.

ज्ञानदेवांनी गीतेच्या सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या केल्या. विनोबांनी सातशेंचे सातशेच ठेवले. हा फरक केवळ विस्ताराचा नाही. ज्ञानेश्वरीत निरूपणकार श्रोत्याचा हात धरून चालतो, थांबतो, दृष्टान्तांचा वर्षाव करतो, श्रोत्यांचे लाड करतो. ‘गीताई’त निरूपणकारच नाही. बहुतांश श्लोक अनुष्टुभाचे, चरणात आठ अक्षरे. संस्कृतचे समास मराठीत सोडवायचे तर विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जागा खातात, आणि जागा तर वाढवायची नाही. त्यामुळे प्रत्येक चरणात काहीतरी सोडावे लागते आणि कोणता शब्द ठेवायचा हाच अर्थनिर्णय ठरतो. ‘गीताई’ची भाषा सोपी आहे असे सरसकट म्हटले जाते, ते अर्धसत्य आहे. शब्द सोपे आहेत. पण वाक्य कित्येकदा इतके आवळलेले असते की वाचणाऱ्याला थांबून ते स्वतः उकलावे लागते. विनोबा आणि शिवाजीराव भावे या बंधूंनी पुढे ‘गीताई-शब्दार्थ-कोश’ सिद्ध केला, यावरूनही हे दिसते. सोप्या पुस्तकाला कोश लागत नाही. शिक्षक बाजूला होतो, संहिता विद्यार्थ्याच्या हाती देतो आणि पाठांतराची सोय तेवढी करून ठेवतो, असा हा घाट आहे.

दुसरे उत्तर ‘गीता प्रवचने’. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवारी अठरा अध्यायांवर ही प्रवचने झाली. ‘जीवन आणि शिक्षण’मधला दाखला येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो: श्रोते सत्याग्रही बंदी, जागा तुरुंग, म्हणजे वर्ग रणांगणावरच भरलेला. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. या घटनेचा उल्लेख प्रत्येक प्रस्तावनेत होतो, पण तिच्या वाङ्मयीन परिणामाचा विचार झालेला दिसत नाही. ‘मधुकर’मधले स्वहस्ते लिहिलेले गद्य आणि हे लेखनिकाच्या हातून आलेले गद्य शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांत भरतो. ‘मधुकर’चे वाक्य तासलेले, कोरडे, किंचित तिरकस आहे, भावना दिसू लागताच ते मिटते. ‘गीता प्रवचने’चे वाक्य उबदार आहे. ते उद्गारते, एकच गोष्ट दोनदा सांगते, श्रोत्याला जवळ घेते. बोललेल्या आणि लिहिलेल्या भाषेतला हा स्वाभाविक फरक आहे, हे म्हणणे पुरेसे नाही. विनोबांच्या विचाराला साने गुरुजींच्या हाताचा ओलावा लागला आहे, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. मजकूर विनोबांच्या नजरेखालून गेलेला आहे आणि विचाराबाबत शंका घेण्याचे कारण नाही. तरीही एका लेखकाचे म्हणून जे गद्य वाचले जाते ते दोन स्वभावांचे संयुक्त अपत्य आहे, एवढे समीक्षेने नोंदवायला हवे.

याची एक उलटी बाजूही आहे. धुळ्याची प्रवचने संपल्यावर वर्षही उलटले नव्हते तोच, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो आणि पुस्तकाची प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. अठरा रविवार लेखणी घेऊन बसलेल्या लेखकाला बेचाळीस रात्रींचा आकृतिबंध सुचावा, हे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देववत नाही. आई हाच गुरू, कोकण हीच शाळा, सांगणारा प्रौढ आणि ऐकणारे मंडळ, ही सामग्री दोघांची सारखी आहे. पण श्यामची आई शिकवते. ती प्रसंग पकडते, मुलाच्या चुकीवर बोट ठेवते, त्याच्या डोळ्यांत पाणी आणते. विनोबांची आई फणस वाटते आणि गप्प राहते. गीतेच्या बाबतीत तर कामच मुलाच्या अंगावर टाकते. पालगडची आई आणि गागोद्याची आई यांच्यामधले हे अंतर म्हणजे मराठी बोधवाङ्मयातल्या दोन शिक्षणकल्पनांमधले अंतर होय. पहिलीने महाराष्ट्राला रडवले आणि ती घराघरांत पोचली. दुसरी आदराने बाजूला ठेवली गेली.

‘गीता प्रवचने’चा दहावा अध्याय या चर्चेच्या केंद्रस्थानी आणला पाहिजे. विभूतियोगाचा हा अध्याय म्हणजे मूळ गीतेत एक लांबलचक यादी आहे, आणि बहुतेक भाष्यकार तेथे थोडे थकतात. विनोबा या यादीकडे प्राथमिक शाळेच्या शिक्षकाच्या नजरेने पाहतात. मुलाला अक्षरे शिकवताना आधी मोठी, सुटी, सोपी अक्षरे दाखवतात. मग तीच बारीक आकारात. आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी. परमेश्वर जगभर लिहिलेला आहे, पण नवशिक्याला तो सगळीकडे वाचता येत नाही. म्हणून आधी आई, गुरू, नदी, सूर्य अशी ठळक अक्षरे गिरवायची. राम हे सोपे अक्षर, रावण हे जोडाक्षर. राम वाचता येणे म्हणजे साक्षरतेचा आरंभ. रावणातला परमेश्वर ओळखता येईल तेव्हा वाचन पुरे झाले म्हणायचे.

हा दृष्टान्त सजावटीचा नाही. अध्यात्म म्हणजे गूढ अनुभव, दर्शन, समाधी अशी जी प्रतिमासृष्टी संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला ओळखीची असते, तिच्या जागी येथे पाटी-पेन्सिल आली आहे. साधना म्हणजे साक्षर होणे. पाचव्या अध्यायाच्या विवेचनात भूमितीच्या दृष्टान्ताने हेच काम केले आहे: कागदावर काढलेल्या रेषेला जाडी असते, तरी ती नाही असे मानून सिद्धान्त समजून घ्यायचा असतो, आदर्श पुरुषाचेही तसेच. विनोबांच्या अध्यात्मात शाळेतले विषय असे सर्वत्र पसरलेले आहेत. एकीकडे शाळेवर सतत आघात करणारा हा लेखक दुसरीकडे ईश्वराविषयी बोलायला लागला की शाळेचीच भाषा बोलतो. ही विसंगती वाटते, पण ती तशी नाही. शाळेतले जे त्याला हवे आहे, म्हणजे क्रम, सराव, चुकून पुन्हा गिरवणे, ते तो आयुष्याकडे घेऊन जातो. जे नको आहे, म्हणजे वर्गाची भिंत, परीक्षा, प्रमाणपत्र, ते मागे सोडतो.

या प्रतिमेला परंपरा आहे, आणि ती त्याच जिल्ह्यात जाऊन पोचते. ‘दासबोधा’ची रचना महाडजवळच्या शिवथरघळीत झाली अशी समर्थ संप्रदायाची श्रद्धा आहे, ती घळ विसाव्या शतकात प्रकाशात आणली ती धुळ्याचेच संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांनी. ‘दासबोध’ हा गुरुशिष्यसंवाद आहे, त्याच्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खाची लक्षणे आहेत आणि एकोणिसाव्या दशकाचा आरंभ चक्क लेखनक्रियेच्या निरूपणाने होतो: अक्षर कसे काढावे, ओळी कशा ठेवाव्यात, शाई आणि कागद कसा असावा. मोक्षग्रंथात हस्ताक्षराचे धडे देण्यात रामदासांना काही विसंगत वाटले नाही. १९२३ साली सुरू केलेल्या नियतकालिकाला विनोबांनी ‘महाराष्ट्र-धर्म’ हे रामदासी नाव दिले होते. पढतमूर्खाचे आधुनिक रूप ‘केवळ शिक्षण’ या त्यांच्या निबंधात भेटते. कातता येत नाही, रांधता येत नाही, दुसरे कोणतेच काम येत नाही, फक्त शिकवता येते, असे सांगणारा तो तरुण मराठी उपहासगद्यातला एक संस्मरणीय नमुना आहे. मात्र हा उपहास वाचताना थोडे अडखळायला होते. तुटपुंज्या पगारावर खेड्यातली शाळा चालवणाऱ्या शिक्षकालाही त्याचा फटका बसतो, आणि त्याच्यासाठी विनोबांच्या निबंधात वेगळी ओळ नाही.

येथून पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. विनोबांच्या चरित्रातला सर्वांत प्रसिद्ध शैक्षणिक प्रसंग म्हणजे प्रमाणपत्रांचे दहन. घर सोडण्यापूर्वी बडोद्याला आईच्या चुलीपाशी बसून त्यांनी आपली प्रमाणपत्रे जाळली. पुढे कधी उपयोगी पडतील, असे आई म्हणाली, तेही त्यांनी मानले नाही. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले आणि जूनमध्ये कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. त्यागकथेच्या रचनेत हा प्रसंग इतका नेमका बसतो की त्याचा सामाजिक अर्थ विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

तो अर्थ बडोद्यातच शेजारी उभा आहे. त्याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्यांच्याजवळ त्या काळी फार थोड्या भारतीयांजवळ असतील अशा पदव्या होत्या, आणि राहायला जागा नव्हती. एका पारशी वसतिगृहात नाव लपवून काढलेले दिवस आणि तेथून झालेली हकालपट्टी त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एकाच शहरात, जेमतेम दीड वर्षाच्या अंतराने, एक तरुण प्रमाणपत्रे चुलीत घालून निघून जातो आणि दुसरा प्रमाणपत्रे घेऊन येतो तर त्याला बाहेर काढले जाते. पहिल्याची प्रमाणपत्रे जळली तरी त्याच्या हाती बरेच काही उरते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांसमोर बसून ब्रह्मसूत्रभाष्य वाचण्याची वाट त्याला खुली राहते. विनोबांनी १९१७ मध्ये तेथे जाऊन ते वाचलेही. शाळेबाहेरचे ज्ञान ज्याला वारशाने उपलब्ध आहे, त्यालाच शाळा नाकारता येते. हे विनोबांच्या त्यागाचे मोल कमी करण्यासाठी म्हणायचे नाही. त्यांच्या शिक्षणविचाराची भूमी कोणती, ते पाहण्यासाठी म्हणायचे आहे.

कुलाबा जिल्ह्यात याचा पुढचा अध्याय लिहिला गेला. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना कागदावर खुल्या केल्या. पाणवठा आणि शाळा एकाच ठरावात आहेत हे विसरता कामा नये. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी पाणी घेतले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृती जाळली. गागोद्यात जन्मलेल्या तरुणाने बडोद्यात जाळले ते शिक्षणाचे प्रमाणपत्र. बडोद्यातून हाकलल्या गेलेल्या विद्वानाने महाडला जाळले ते शिक्षणबंदीचे शास्त्र. दोन्ही अग्नी शिक्षणाविषयीच बोलतात, आणि दोन्ही कृतींत मुक्तीचा आशय आहे. पण पहिला अग्नी चुलीत पेटला, घरात, आईसमोर. दुसरा उघड्यावर पेटला, परिषदेसमोर. विनोबांच्या वाङ्मयात मुक्तीची वाट एकेकट्या साधकाच्या शिकण्यातून जाते; महाडची वाट आधी शिकण्याचा हक्क मिळवते आणि मग शिकण्याकडे वळते. १९३७ मध्ये वर्धा शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या झाकीर हुसेन समितीवर विनोबा होते. हस्तव्यवसायातून शिक्षण या तिच्या सूत्रामागे श्रमप्रतिष्ठेची निखळ श्रद्धा होती. परंतु पिढ्यान्‌पिढ्या हस्तव्यवसायातच डांबून ठेवलेल्यांना ते सूत्र कसे ऐकू येईल, हा विचार ‘शिक्षण-विचार’च्या गद्यात कोठे थांबून केलेला आढळत नाही. स्वातंत्र्य मिळताच जुना झेंडा जसा उतरला तशी जुनी शिक्षणपद्धतीही उतरली पाहिजे, त्यासाठी हवी तर सहा महिने शाळांना सुट्टी द्यावी, असे विनोबा म्हणाले होते. कल्पना खुमासदार आहे. ज्याच्या घरातले पहिलेच मूल त्या वर्षी शाळेत गेले असेल, त्याला तिची खुमारी जाणवली असेल काय?

यावर विनोबांच्या बाजूने एक उत्तर देता येईल, आणि ते त्यांच्या जोडाक्षराच्या प्रतिमेतच आहे. परमेश्वर शोधायचा तो हव्याहव्याशा रूपांत नव्हे, नकोशा रूपांत, असे म्हणणारी ही बाराखडी तत्त्वतः कोणालाही वगळत नाही. नवव्या अध्यायाची राजविद्या सर्वांसाठी खुली आहे हे तर विनोबा आग्रहाने सांगतात. वर्ध्याजवळ सुरगावला त्यांनी दीर्घकाळ रोज केलेले मैला-सफाईचे काम हे या बाराखडीचेच गिरवणे होते. तरीही २४ एप्रिल १९३२ रोजी, पुणे कराराच्या पाच महिने आधी, तुरुंगात या अध्यायावर बोलताना अवघड अक्षराचे उदाहरण म्हणून जो समोर येतो तो पुराणातला रावण. रावणाला वाचणे कठीण खरे, पण सुरक्षितही आहे. आपल्याच जन्मजिल्ह्यात पाच वर्षांपूर्वी तळ्याकाठी जे घडले, पाणी प्यायलेल्यांना ज्यांनी मारहाण केली ते सवर्ण शेजारी आणि मार खाऊनही हक्क न सोडणारे ते लोक, ही त्या काळची खरी जोडाक्षरे होती. त्या प्रवचनात ती फळ्यावर आलेली नाहीत.

पुढे ती आली, पण गद्यात नव्हे. १९५३ साली बिहारात देवघरच्या मंदिरात दलितांसह प्रवेश करीत असताना विनोबांना पुजाऱ्यांच्या बाजूने मारहाण झाली, कानाला इजा झाली, आणि मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये असे त्यांनी सांगितले. भूदानयात्रेच्या त्या वर्षांत विनोबा रोज बोलत होते. त्या भाषणांत पुनरुक्ती फार आहे. ‘मधुकर’चे तासलेले वाक्य तेथे क्वचितच भेटते, आणि साने गुरुजींसारखा लेखनिकही उरला नव्हता, ते ११ जून १९५० रोजी गेले होते. धुळ्यात जी बाराखडी मांडली गेली तिचे सर्वांत अवघड पान देवघरला वाचले गेले, तेव्हा ते उतरवून घेणारा हात तेथे नव्हता.